जावयाची बाटली

मुकुटबनच्या एक भगिनी लिहितात, "जावयांनी फसफसणारी वाइन आणलीय. सरबतासारखीच, म्हणतात. पण माझ्या भावाचं दारूनं वाटोळं झालं. घरात ठेवू का?"

ताई, सरबत नव्हे हो! तिच्यात साधारण १२ टक्के मद्यार्क असतो, बिअरच्या दुपटीहून जास्त. शामराव चौगुल्यांच्या नारायणगावच्या कारखान्यात १९८०च्या दशकात अशी वाइन होऊ लागली. 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशीही गेली. बाटलीतच साखर नि यीस्ट घालून ती दुसऱ्यांदा आंबवतात. तो वायू आत कोंडतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक दाबानं! म्हणून तुमच्याकडच्या उन्हाळ्यात ती माळ्यावर नकोच, आणि उघडताना बूच कुणाच्या तोंडासमोर नको.

मन धजत नसेल तर लेकीकरवी परत पाठवा. जावयांचा मान त्यानं कमी होत नाही.