मेदांच्या परिषदेचा खर्च कोणी करावा?

विज्ञान परिषदांचा विषय निघाला की आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणजे, "चार दिवस चांगल्या हॉटेलात राहायचे, मेजवान्या झोडायच्या आणि खर्च सरकारच्या खात्यावर टाकायचा!" दुसरा म्हणजे, "ते मोठे शास्त्रज्ञ. त्यांच्या खर्चाविषयी आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी काय बोलावे?" मला ही दोन्ही मते सारखीच बेजबाबदार वाटतात. परिषदेचा पैसा करातून येत असेल तर त्याविषयी बोलण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीलाही आहे. आणि तो करातून येत नसेल, तर मग कोठून येतो, हे विचारण्याचा अधिकार तर त्याहूनही अधिक आहे.

उदाहरणादाखल मी मुद्दाम मेदांच्या जीवशास्त्रावरील परिषद घेते. मेद, म्हणजेच लिपिडे, आपल्याला स्वयंपाकघरात तेलातुपाच्या रूपाने भेटतात आणि रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलच्या आकड्याने. परंतु त्यांचा पसारा एवढ्यावर संपत नाही. शरीरातील प्रत्येक पेशीचे पटल मुख्यतः मेदांचे आणि प्रथिनांचे असते. कित्येक संप्रेरके कोलेस्टेरॉलपासूनच तयार होतात. कोविडच्या साथीत ज्या एम-आरएनए लशी निघाल्या, त्यांतील नाजूक रेणू पेशीत सुखरूप पोचला तोही मेदांच्या अतिसूक्ष्म वेष्टनातून. त्यामुळे या विषयाच्या सभागृहात रसायनशास्त्रज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र बसतात. त्यांच्या मागोमाग तेल, साखर आणि औषधे विकणारेही येतात. पैशाचा प्रश्न येथे विशेष नाजूक होतो तो यामुळेच.

प्रथम विचारू या की, अशा परिषदेतून निष्पन्न काय होते? स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तेथील शरीरक्रियाशास्त्र मंडळाच्या सभेत सुने बेर्गस्ट्रम या तरुण संशोधकाने लिनोलेइक आम्लाच्या ऑक्सिडीकरणावर निबंध वाचला. लिनोलेइक आम्ल म्हणजे आपल्या करडईच्या तेलात भरपूर असणारे मेदाम्ल. सभा संपल्यावर उल्फ फॉन ऑयलर हे ज्येष्ठ शास्त्रज्ञ त्यांच्यापाशी आले आणि म्हणाले, मेंढ्यांच्या ग्रंथींपासून काढलेला थोडा मेदयुक्त अर्क मी युद्धापूर्वीपासून जपून ठेवला आहे, त्यावर काम कराल का? फॉन ऑयलर यांनी त्या अर्कातील द्रव्याला १९३५ मध्येच 'प्रोस्टाग्लँडिन' असे नाव दिले होते. परंतु ते द्रव्य नेमके काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बेर्गस्ट्रम यांनी ते काम हाती घेतले. १९५७ मध्ये पहिले प्रोस्टाग्लँडिन स्फटिकरूपात वेगळे झाले. पुढे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की, अ‍ॅस्पिरिनची गोळी वेदना शमवते ती शरीरातील प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखून. १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेर्गस्ट्रम, त्यांचे शिष्य सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना मिळाले. प्रसूतीच्या वेळी मातेचा अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी आज जी औषधे वापरतात, त्यांतील काही याच घराण्यातील आहेत.

या साऱ्याचा आरंभ सभा संपल्यानंतरच्या संभाषणात आहे, व्यासपीठावरच्या भाषणात नाही. हिशेबनिसाच्या नजरेत हाच वेळ वाया गेलेला असतो! १९३१ पासून अमेरिकेत चालत आलेल्या गॉर्डन परिषदांनी हे मर्म ओळखले आहे. तेथे व्याख्याने सकाळी आणि रात्री होतात आणि दुपार मुद्दाम मोकळी ठेवतात. तेथे बोललेले बाहेर उद्धृत करावयाचे नाही, असाही दंडक आहे. त्यामुळे अर्धवट कामाविषयी, फसलेल्या प्रयोगांविषयीही माणसे मोकळेपणी बोलतात. मेदांच्या रेणवीय जीवशास्त्रावरही त्यांच्या परिषदा भरतात.

तेव्हा अशा परिषदेला पैसा हवा, हे मान्य केले पाहिजे. सभागृहाचे भाडे, वक्त्यांचा प्रवास, राहण्याची सोय, निबंधांची छपाई, हे खर्च कोणाला चुकत नाहीत. आणि हा खर्च केवळ प्रवेशशुल्कातून काढायचा म्हटला, तर ज्याच्या संस्थेपाशी पैसा आहे तोच येणार. ज्याच्यापाशी नवी कल्पना आहे पण तिकिटाला पैसे नाहीत, तो घरीच राहणार. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, हिने परिषदांसाठी 'आर-१३' नावाचा वेगळा अनुदानप्रकार ठेवला आहे तो अशाच गरजेपोटी. त्यासाठी अर्ज करण्यापूर्वीच संस्थेची अनुमती घ्यावी लागते. म्हणजे पैसा देणारा आधीच विचारतो की, ही परिषद हवी कशाला? हा प्रश्न मला योग्य वाटतो.

आता कोणी म्हणेल, "सरकारवर भार कशाला? एवढ्या कंपन्या देणगी द्यायला तयार आहेत." या ठिकाणी मात्र मेदांच्या विज्ञानाचाच इतिहास आपल्याला सावध करतो. १९६७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रतिष्ठित नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा एक आढावालेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या संदर्भात साखरेवरचा संशय त्यात कमी लेखला होता आणि बोट दाखवले होते मेदांकडे. या लेखासाठी साखर उद्योगाच्या संशोधन प्रतिष्ठानाने सुमारे साडेसहा हजार डॉलर मोजले होते. लेखात त्याचा उल्लेख नव्हता. ही हकीकत जुन्या कागदपत्रांतून उजेडात आली ती २०१६ साली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी!

येथे न्यायबुद्धी सोडता कामा नये. संपृक्त मेदांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्या एका लेखाने जन्माला घातला नव्हता. त्याला इतर पुरावे होते आणि आहेत. शिवाय देणगीदाराचे नाव छापण्याचा नियमही त्या काळी नव्हता. त्या नियतकालिकाने तो १९८४ मध्ये केला. परंतु वाचकाला त्या वेळी पैशाचा उगम कळला असता, तर त्याने तोच लेख अधिक चिकित्सक दृष्टीने वाचला असता, हे तर खरे ना? पैसा देणाऱ्याला खोटे लिहवून घ्यावे लागतेच असे नाही. कोणता प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि कोणता दबक्या आवाजात, एवढे ठरवता आले तरी त्याचे काम होते. परिषदेतही हेच घडू शकते. वक्ते कोण, विषय कोणता, शेवटच्या दिवशी दुपारी उरकून टाकायचे सत्र कोणते, यात सारे येते.

म्हणून मी कंपन्यांना दाराबाहेर उभे करा म्हणणार नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांचा पहिला धागा अकिरा एंडो यांना टोकियोच्या सांक्यो या औषध कंपनीतच सापडला. हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये त्यांना ते द्रव्य मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेत ब्राउन आणि गोल्डस्टाइन सरकारी अनुदानाच्या आधाराने कोलेस्टेरॉल पेशीत कसे शिरते याचा छडा लावत होते. १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. या दोन्ही कामांचा मेळ बसला तेव्हाच ती औषधे रुग्णापर्यंत पोचली. माझा आग्रह एवढाच की, पैसा कोणाचाही असो, तो उघड असावा आणि कार्यक्रमपत्रिका त्याच्या हाती असू नये.

आपल्या देशातही हा प्रश्न आता टाळता येणार नाही. औषध कंपन्यांसाठी २०२४ मध्ये जी नवी आचारसंहिता आली, तिच्यानुसार परिषदेला जाणाऱ्या डॉक्टरांचा प्रवासखर्च कंपनीने करावयाचा नाही. वक्त्यांपुरता अपवाद आहे. हे उत्तमच झाले. पण एक दार बंद केले की दुसरे उघडावे लागते. सार्वजनिक अनुदान वेळेवर आणि पुरेसे नसेल, तर आयोजक पुन्हा कोणत्या ना कोणत्या कंपनीचेच दार ठोठावणार.

"हल्ली सारे पडद्यावर दिसते, मग प्रवास कशाला?" असाही एक आक्षेप आहे. कोविडच्या काळात पडद्यावरच्या सभांनी मोठी सोय केली, हे खरे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्यासाठी ती चालूच राहावी. परंतु व्याख्यान संपताच पडदा काळा होतो. फॉन ऑयलर यांनी आपल्या अर्काची गोष्ट मग कोणाला सांगावी?

माझे म्हणणे थोडक्यात असे. सार्वजनिक अनुदानाचा पहिला वाटा तरुण संशोधकांच्या तिकिटावर आणि निवासावर खर्च व्हावा. मान्यवरांच्या मेजवान्या त्यानंतर. कंपन्यांच्या देणग्या एकाच सामायिक निधीत जमा व्हाव्यात आणि वक्ते निवडणाऱ्या समितीत देणगीदाराचा माणूस नसावा. प्रत्येक देणगीचा आकडा कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या पानावर छापावा, आणि परिषद संपल्यावर जमाखर्च सर्वांना पाहावयास मिळावा. आपल्या स्नेहसंमेलनाचा हिशेब आपण सूचनाफलकावर मागतो. मग ज्या परिषदेतल्या निष्कर्षांवरून उद्या आपल्या ताटातले तेल आणि आपल्या आईवडिलांची गोळी ठरणार, तिचा हिशेब मागताना संकोच का वाटावा?

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)