सायकलकट्टा : हात कुठे आहेत तुमचे?

दोस्तांनो,

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण कडेला उभे राहून टाळ्या वाजवत असतील. सूंऽऽ करत तो घोळका आला आणि बघता बघता दिसेनासाही झाला. काय पाहिलंत तुम्ही? कुणी म्हणेल चकचकीत सायकली, कुणी म्हणेल रंगीत कपडे, कुणी म्हणेल पिंढऱ्या! पण त्या सायकलपटूंचे हात कुठे होते, ते पाहिलंत का?

नाही ना? मग आज तेच पाहू. हा विषय सुचला तो एका पत्रामुळे.

पत्र आहे नववीतल्या एका वाचकमित्राचं. वाढदिवसाला त्याला रेसर मिळाली. रेसर म्हणजे मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली सायकल. स्वारी खूश! पण तो लिहितो, “काका, खडकवासल्याला जाऊन आलो की माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. घरी आल्यावर शर्टाची बटणंसुद्धा धड काढता येत नाहीत. बाबा म्हणतात, हे वाकडं हँडल काढून टाकू आणि सरळ बसवून घेऊ. बसवू का?”

थांब रे बाबा! पान्हा लगेच हातात घेऊ नकोस. आधी एवढंच सांग, खडकवासला येईपर्यंत तुझे हात हँडलवर किती वेळा हलले? माझा अंदाज, एकदाही नाही. खरं ना?

एक हँडल, तीन जागा

सरळ हँडलला हात ठेवायला एकच जागा असते. रेसरचं हँडल वाकडं केलंय ते ऐट मारण्यासाठी नाही, तर हाताला निरनिराळ्या जागा मिळाव्यात म्हणून. मुख्य जागा तीन. नीट लक्षात ठेवा.

पहिली जागा म्हणजे वरचा आडवा दांडा. इथे हात ठेवले की पाठ जरा ताठ होते, छाती मोकळी राहते आणि श्वास भरपूर घेता येतो. बसल्या बसल्या लांबलचक चढ चढायचा असेल तर ही जागा छान. पण एक मोठी गोम आहे. बहुतेक रेसरना इथून ब्रेक लागत नाही! म्हणून रस्ता मोकळा, वेग कमी आणि समोरचं सगळं लांबवर दिसतंय, तेव्हाच ही जागा वापरायची. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत अजिबात नाही.

दुसरी जागा ब्रेकच्या मुठींवर. सायकलवाले त्यांना ‘हूड’ म्हणतात. अंगठा आतल्या बाजूने, बाकीची बोटं बाहेरून आणि एक-दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर. आपला बहुतेक वेळ जायचा तो इथेच. इथून ब्रेक लागतो, वळता येतं, पुढचं नीट दिसतं. सीटवरून उठून चढ मारायचा असेल तरी पकड इथलीच चांगली.

तिसरी जागा म्हणजे खालचा वाक, ‘ड्रॉप’. इथे हात नेले की अंग आपोआप वाकतं, वाऱ्याला अडवणारं शरीर लहान होतं आणि सायकल पळू लागते. जोराचा उलटा वारा, सपाट मोकळा रस्ता आणि घाटाचा उतार, या तिन्ही वेळी हीच जागा कामाची.

आता वाऱ्याचं गणित पाहा. ताशी १५ किलोमीटरने जाताना हवा तुम्हाला जेवढ्या जोराने मागे ढकलते, त्याच्या दुप्पट जोराने ती ताशी ३० ला ढकलेल असं वाटतं ना? चूक! ती चौपट जोराने ढकलते. वेग दुप्पट की अडथळा चौपट. म्हणून वेगात जाणारा वाकतो. आणि म्हणूनच चढावर, जिथे ताशी आठ-दहा किलोमीटरने दमछाक होत असते, तिथे वाकून फारसा फायदा नाही. तिथे श्वास महत्त्वाचा.

या हवेने केवढा फरक पडतो याची एक गोष्ट. १९८९ ची ‘टूर द फ्रान्स’. तीन आठवडे चाललेल्या शर्यतीचा शेवटचा दिवस. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर, प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाशी शर्यत करायची. फ्रान्सचा लॉराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने मात्र हँडलला पुढे एक जादा दांडा जोडून घेतला होता. त्यावर कोपरं टेकवून, हात जवळ घेऊन तो वाऱ्यात शिरला. तीन हजारांहून अधिक किलोमीटरची ती शर्यत लेमाँडने किती फरकाने जिंकली असेल? फक्त ८ सेकंदांनी! सगळं श्रेय त्या दांड्याला देता येणार नाही. फिन्योंला सीटवर बसण्याच्या जागी जखम झाली होती, आणि लेमाँडच्या डोक्यावर वाऱ्याला वाट देणारं हेल्मेटही होतं. पण हात कुठे ठेवायचे याचा विचार जगभरचे सायकलपटू तेव्हापासून आणखी बारकाईने करू लागले.

करंगळीचं दुखणं

आता आपल्या मित्राच्या बधिर बोटांकडे वळू.

वर्गातल्या बाकावर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झणझणीत कळ जाते, माहीत आहे ना? ती असते एका नसेची करामत. तिचं नाव अल्नर. ही नस कोपरामागून निघून मनगटाशी करंगळीच्या बाजूने तळहातात शिरते आणि करंगळी व अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देते. तळहाताचा तोच कोपरा हँडलवर तासभर दाबून धरला, त्यात रस्त्याचे हादरे बसत राहिले, की नस कुरकुरते. मग मुंग्या येतात, बोटं बधिर होतात आणि बटणं निघत नाहीत!

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, तर दबतेय ती दुसरी नस, मनगटाच्या मधून जाणारी. मनगट मागे मोडून धरलं की तिला त्रास होतो. म्हणून मनगट हाताच्या सरळ रेषेत ठेवायचं.

यावर उपाय काय? अगदी साधा, फुकटचा. हात हलवत राहायचे! पाच-दहा मिनिटांनी जागा बदला. मुठीवरून वरच्या दांड्यावर, मग पुन्हा मुठीवर, वारा आला की खाली. जागा बदलली की दाब दुसरीकडे जातो आणि नसेला सुटका मिळते. हँडल आवळून धरू नका. पेरू धरावा तसं धरा, पडणार नाही इतपत घट्ट आणि पिचणार नाही इतपत सैल. कोपरं थोडी वाकलेली हवीत. वाकलेलं कोपर खड्ड्याचा हादरा पिऊन टाकतं. ताठ हात तोच हादरा थेट खांद्यात आणि मानेत पोचवतो. आणि पुण्यात खड्डे अन् गतिरोधक यांची वानवा आहे, असं तर कुणी म्हणणार नाही!

एवढं करूनही बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत बधिर राहिली, तर लपवू नका. घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.

दिवे घाटातला धडा

आता माझी फजिती सांगतो. मीही तेव्हा नववीतच होतो. आमच्या वेळी पुणं म्हणजे सायकलींचं शहर. रेसर मात्र क्वचित कुणाकडे. बाकीची मुलं साध्या सायकलचं हँडल उलटं बसवून रेसरचा आव आणायची. माझ्या चुलतभावाकडे खरीखुरी रेसर होती. एका रविवारी ती मागून घेतली आणि मित्रांबरोबर सासवडला गेलो.

येताना दिवे घाटाचा उतार. दोन्ही हात वरच्या आडव्या दांड्यावर, वारा तोंडावर, गळ्यात गाणं. एक वळण घेतलं आणि समोर मेंढरंच मेंढरं! सगळा रस्ता भरलेला. ब्रेक लावायला बोटं मिटली, तर हातात नुसता दांडा. ब्रेक कुठे होता? वीतभर पुढे! हात तिथे नेईपर्यंत उशीर झाला. मेंढरांना चुकवायला सायकल कडेच्या मुरमात घातली आणि दाणकन पडलो. कोपर आणि गुडघा सोलवटून निघाला. मेंढपाळाने पाणी दिलं आणि एकच वाक्य बोलला, “पोरा, हात कुठं होते तुझे?”

आता हिशेब करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. वरच्या दांड्यावरून ब्रेकपर्यंत हात न्यायला एक सेकंद गेला, तरी तेवढ्यात सायकल १० मीटर पुढे! म्हणजे दोन मोटारी एकामागे एक उभ्या केल्या की जेवढी जागा व्यापतात, साधारण तेवढी. समोर म्हातारे आजोबा असते तर? आजही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. हात आधी, उतार नंतर. उतार सुरू होण्यापूर्वीच हात खालच्या वाकात आणि बोटं ब्रेकवर. याला कारण आहे. दरवाजा बिजागरीजवळ ढकलून पाहा, जड जातो. कडीजवळ ढकला, सहज उघडतो. ब्रेकच्या दांडीचंही तसंच. तिची बिजागरी असते वर, मुठीजवळ. मुठीवरून ओढताना बोटं बिजागरीजवळ असतात, जोर जास्त लागतो. वाकातून ओढताना ती खालच्या टोकाशी असतात, थोड्या जोरात ब्रेक कडक लागतो. लहान हातांच्या मुला-मुलींनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. आणि वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नव्हे.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर मुंबई-पुणे सायकल शर्यतीची आठवण काढायलाच हवी. अनेक दशकं गाजलेली ही सुमारे दीडशे किलोमीटरची शर्यत. समुद्रसपाटीवरून निघायचं, खोपोलीपासून बोरघाट चढायचा, लोणावळा गाठायचा आणि मग पुणं. घाटमाथ्यावर पहिला पोचणारा ‘घाटाचा राजा’! अशा एकाच शर्यतीत तिन्ही जागांचं काम पडतं. सपाटीला खालचा वाक, चढाला वरचा दांडा नाहीतर मुठी आणि घोळक्यातून जाताना ब्रेकजवळची बोटं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. दूरचित्रवाणीवर किंवा मोबाईलवर काही जुन्या चित्रफिती दिसतात. त्यांत सायकलपटू नुसते पुढचे हात हँडलवर टेकवून किंवा सीट सोडून पुढच्या नळीवर बसून उतरताना दिसतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने हे दोन्ही प्रकार १ एप्रिल २०२१ पासून रस्त्यावरच्या सांघिक सुरुवातीच्या शर्यतींत बंद केले आहेत. जिथे अनुभवी खेळाडूंनाही मनाई, तिथे आपण कोण?

आई-बाबांसाठी चार ओळी

आपल्याकडे शर्ट ‘वाढत्या अंगाचा’ घेतात. सायकल तशी घेऊ नका. मोठ्या मापाच्या रेसरवर मुलाचे हात ताठ होतात, सगळा भार तळहातावर येतो आणि बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. दुकानातच त्याला बसवा. तिन्ही जागी हात ठेवून पाहायला सांगा. मुठीवरून आणि वाकातून बोटं ब्रेकवर सहज पोचली पाहिजेत. बऱ्याच ब्रेकना एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून दांडी जवळ आणता येते. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, तेही पाहा. उघडी नळी पडताना खोल जखम करते. हँडलची पट्टी झिजली असेल तर नवी, जरा जाड गुंडाळून घ्या. आणि मुलाला घाटात एकटं पाठवू नका. सोबत मोठं माणूस आणि डोक्यावर हेल्मेट हवंच.

करून पाहा

या रविवारी सकाळी, रहदारी नसलेल्या मैदानात हा खेळ करा. मित्राला बाजूला उभं करा. तुम्ही हळूहळू चालवत राहा. तो ओरडेल, “वर!”, “मूठ!”, “खाली!” नजर समोर ठेवून, सायकल न डगमगवता एकेक हात तिथे न्यायचा. खाली पाहिलंत की बाद! वीस वेळा जमलं की मग तो अचानक म्हणेल, “थांब!” तेव्हा सायकल किती अंतरात थांबते ते पावलांनी मोजा. आधी मुठीवरून, मग वाकातून. आकडे वहीत लिहा आणि मला कळवा.

आणि नववीतल्या मित्रा, हँडल बदलू नकोस. आधी हात बदल! महिनाभर असं करून पाहा आणि बटणं निघाली की नाही, ते पुढच्या पत्रात लिही. बाबांनाही हे पान वाचायला दे.

बरंय तर, पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू कट्ट्यावर!

तुमचा,
सायकलकाका