उपयोगाची घाई

संशोधनाचा 'उपयोग काय?' हे पहिल्याच दिवशी विचारणे किती अदूरदर्शी आहे, हे 'सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स' या तंत्राच्या इतिहासावरून कळते. दोन प्रथिने परस्परांशी कशी जुळतात, यावर अनेक औषधांचे यश अवलंबून असते. ते पाहण्यासाठी प्रथिनाला चमकणारा रंगरेणू जोडावा, तर त्या खुणेनेच प्रथिनाचे वर्तन बदलण्याचा धोका! हे तंत्र खुणेविना काम करते. काचेवरील सोन्याच्या पातळ थरावर एक प्रथिन बसवून त्यावरून दुसऱ्याचे द्रावण सोडतात. दोन्ही जुळली की परावर्तित प्रकाश ज्या कोनात मंदावतो, तो कोन किंचित सरकतो. जुळण्या-सुटण्याचा वेग तत्क्षणी मोजता येतो.

याचे मूळ १९०२ सालचे. अमेरिकेत रॉबर्ट वुड यांना सूक्ष्म रेघांच्या धातुपृष्ठावरून मिळालेल्या वर्णपटात अनपेक्षित काळे पट्टे दिसले. १९६८ मध्ये जर्मनीत ओट्टो व क्रेचमन यांनी लोलकाच्या रचना मांडल्या, १९८३ मध्ये स्वीडनमध्ये त्यातून जैवरेणूंचा वेध घेतला गेला आणि १९९० मध्ये उपकरण बाजारात आले. कुतूहलापासून उपयोगापर्यंत ८८ वर्षे लागली! अनुदानाच्या मुदतीतच फळ मागणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानी ठेवावा. बी पेरताच सावली मागणाऱ्याच्या नशिबी वृक्ष नसतो.