थंडीचा भार कोणाच्या शिरावर?

लडाखचे जनजीवन मालमोटारींच्या चाकांवर उभे आहे. धान्य, औषधे, स्वयंपाकाचा गॅस, बांधकामाचे साहित्य यांपैकी बहुतेक सारे डोंगरवाटांनीच वर जाते. हिवाळ्यात द्रास व लेह परिसरात पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा डिझेलवर चालणारे वाहन सुरू ठेवणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. या उद्योगाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मुळात तो अर्थकारणाचा आहे.

डिझेलमध्ये मेणासारखी द्रव्ये विरघळलेली असतात. थंडी वाढली की त्यांचे स्फटिक बनतात, इंधन गढूळ होते, फिल्टर तुंबतो आणि अखेरीस इंधनाचा प्रवाहच थांबतो. सर्वसाधारण डिझेल हिवाळ्यात ३ अंश सेल्सियसपर्यंत प्रवाही राहिले की भारतीय मानकाची अट पुरी होते. मैदानी प्रदेशाला एवढे पुरते. लडाखला पुरत नाही. शिवाय डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच इंधन पेटते. गारठलेले एंजिन ती उष्णता शोषून घेते, वंगण घट्ट होते आणि बॅटरीची शक्तीही नेमकी याच वेळी घटते.

यावर चालकांनी आपापले उपाय शोधले. कोणी टाकीखाली स्टोव्ह पेटविला, कोणी रात्रभर एंजिन चालू ठेवले, कोणी डिझेलात रॉकेल मिसळले. यांपैकी एकही उपाय फुकट नाही. पहिल्यात आगीचा धोका आहे, दुसऱ्यात उभ्या गाडीत इंधन जळते आणि तिसऱ्यात इंधनाची वंगणशक्ती कमी होऊन पंप झिजतो. हा खर्च मालाच्या किमतीत दिसत नाही. तो चालकाच्या आणि एकदोन गाड्यांच्या मालकाच्या अंगावर पडतो.

इंडियन ऑइलने १७ नोव्हेंबर २०१९ रोजी लडाखसाठी हिवाळी डिझेल उपलब्ध केले, त्याचे महत्त्व येथे आहे. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे इंधन उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. जी अडचण रस्त्याच्या कडेला हजार जणांनी हजार वेळा सोडवावयाची, ती कारखान्यात एकदाच सुटली. अशा इंधनाची बाजारपेठ लहान असते. निव्वळ नफ्याच्या हिशेबाने ते कोणी आवर्जून तयार करील, असे नाही. सार्वजनिक क्षेत्राचे प्रयोजन अशाच ठिकाणी सिद्ध होते.

तथापि प्रश्न संपला, असे मानणे घाईचे ठरेल. १३ जानेवारी २०२५ रोजी सोनमर्गच्या बोगद्याचे उद्घाटन झाले. त्यापुढील सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या झोजिला बोगद्याचे काम चालू आहे. आजवर ऐन हिवाळ्यात बर्फ पडून खिंड बंद होई आणि वाहतूक आपोआप थांबे. बोगदा खुला झाल्यावर गाड्या भर जानेवारीतही धावतील. म्हणजे रस्त्याची अडचण दूर होताच थंडीची अडचण वाढणार आहे.

मैदानातून निघालेली गाडी टाकीत मैदानी डिझेल घेऊनच येते, आणि एकदा मेण साकळल्यावर वरून चांगले इंधन ओतून फारसे काही साधत नाही. म्हणून हिवाळी डिझेल चढणीच्या पायथ्याशीच मिळाले पाहिजे. मुक्कामाच्या जागी गाड्यांसाठी उबदार निवारे हवेत आणि भाड्याच्या दरात खोळंब्याचे तास धरले गेले पाहिजेत. बोगद्यांवर हजारो कोटी खर्चणाऱ्या राष्ट्राला हा खर्च जड नाही. सीमेवरील प्रदेश बारमाही जोडलेला असावा, ही साऱ्या देशाची गरज आहे. तिची किंमत एकट्या चालकाकडून वसूल करणे न्यायाला धरून नाही, आणि शहाणपणाचेही नाही.