‘टीम प्लेयर’ नावाचं नवं वतन

कर्मचारी आशावादी असला की तो आपणहून सहकाऱ्याला मदत करतो, उशिरापर्यंत थांबतो, कुरकुर करत नाही. ऑफिसातला मोटिवेशनवाला हे सांगतो आणि आपली शिकलेली पोरं मान डोलावतात. जो थांबत नाही तो ‘निगेटिव्ह’. आणि मित्रांनो, हा शिक्का बहुतेक वेळा कोणावर बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

अमेरिकन अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ च्या पुस्तकात अशा वागण्याला ‘ऑर्गनायझेशनल सिटिझनशिप बिहेविअर’ म्हटलं. म्हणजे करारात नसलेलं, थेट मोबदला नसलेलं, पण संस्थेला उपयोगी पडणारं काम. पुस्तकाच्या नावात ‘गुड सोल्जर’ हेही शब्द आहेत. नाव नागरिकाचं, अपेक्षा सैनिकाची!

करारात नसलेलं काम आपल्या आज्याला नवं नव्हतं. महार वतनात कामाची यादी नव्हती, वेळ नव्हती. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपायचं. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाच्या मर्जीवरचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन दुरुस्तीचं बिल मांडलं, ते कामं ठरवून द्या आणि बलुत्याऐवजी रोख द्या म्हणून. ‘महारांनी मन प्रसन्न ठेवावं’ असं त्यांनी सांगितलं नाही. नाही म्हणण्याची सोय जिथे नाही, तिथे मदत नसते, वेठबिगार असते.

आशावादाचं म्हणाल तर खुद्द ऑर्गन आणि कॅथरीन रायन यांनी १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. कामातलं समाधान, न्यायाने वागवलं जाण्याची भावना, वरिष्ठांचा आधार यांचा मदतीच्या वागण्याशी बऱ्यापैकी संबंध दिसला. माणसाच्या स्वभावाचा संबंध त्या मानाने कमी. कर्तव्यदक्षता तेवढी अपवाद. पण न्याय द्यायचा तर पगार, बढती, बॉसची भाषा बदलावी लागते. स्वभावावर लेक्चर ठेवणं स्वस्त पडतं.

मी एका सामाजिक संस्थेत होतो (नाव राहू द्या). तिथे सत्यनारायणाची वर्गणी ‘ऐच्छिक’ होती. न देणाऱ्याच्या अप्रेझलमध्ये मात्र ‘टीममध्ये मिसळत नाही’ असा शेरा यायचा. खुर्च्या लावायला, सामान उचलायला न विचारता गृहीत धरली जायची ती आपलीच माणसं. रिपोर्टवर नाव दुसऱ्याचं. ही त्यांची ‘वर्क कल्चर’.

मग आपली माणसं मुळातच मदत करत नाहीत का? ६ डिसेंबरला दादरला या. ऑफिसच्या पिकनिकला न जाणारा क्लार्क रजा टाकून शिवाजी पार्कात रात्रभर पाणी वाटत असतो. नर्स ड्यूटी संपवून मेडिकल कॅम्पवर बसते. त्यांना कोणी पॉझिटिव्ह थिंकिंग शिकवलेलं नाही. तिथे त्यांची जात कोणी चाचपत नाही, एवढंच.

म्हणून पुढच्या अप्रेझलला कोणी ‘सहकार्य कमी’ लिहिलं तर सही करण्याआधी विचारा: कोणतं काम, कोणत्या तारखेला, आणि ते माझ्या नेमणूकपत्रात कुठे आहे? उत्तर लेखी मागा. गेल्या वर्षभरात तुम्ही केलेल्या जादा कामांची तारीखवार यादी सोबत जोडा, आणि एक प्रत युनियनकडे द्या.