डॉलरचा विमा आणि डॉलरचा सट्टा

परदेशी माल पाठविणाऱ्या लहान कारखानदाराला दोन गिऱ्हाइकांशी झुंजावे लागते. एक ते, जे माल विकत घेते. दुसरे म्हणजे डॉलरचा भाव. पहिल्याशी तो पिढ्यान्‌पिढ्या वागत आला आहे. दुसऱ्याची मात्र त्याला सवय नाही. मार्च १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोपविण्यात आला खरा, पण त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे डॉलर ३१ रुपये ३७ पैशांच्या आसपास बसून राहिला आणि व्यापाऱ्यांची समजूत झाली की तो असाच बसणार. ही समजूत पुढे अनेकांना महागात पडली.

एक साधा हिशेब मांडून पाहू. सोलापूरच्या एखाद्या टॉवेल कारखानदाराने २००७ च्या सुरुवातीस एक लाख डॉलरची ऑर्डर घेतली असे समजा. तेव्हा डॉलर सुमारे ४४ रुपयांना होता. सूत, मजुरी, रंगाई, भाडे धरून खर्च ४१ लाख आणि नफा तीन लाख. माल विणून, जहाजावर चढवून, उधारीची मुदत संपून पैसे हाती येईपर्यंत त्याच वर्षीचा ऑक्टोबर उजाडला आणि डॉलर साडेएकोणचाळीसच्या घरात आला. हाती पडले साडेएकोणचाळीस लाख. नफा तर गेलाच, वर दीड लाख खिशातून गेले. मालात खोट नाही, गिऱ्हाईक बुडवे नाही, तरीही तोटा!

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. ऑर्डर हाती पडताच बँकेशी वायदा करावयाचा: अमुक महिन्यात मी एक लाख डॉलर तुम्हाला देईन, तुम्ही मला आज ठरलेल्या भावाने रुपये द्या. यालाच फॉरवर्ड म्हणतात. पुष्कळांना वाटते की यात बँक पुढचा भाव ओळखून बोलते. तसे नाही. रुपयावरील व्याज डॉलरवरील व्याजापेक्षा जास्त असले की त्या फरकाइतका प्रीमियम आजच्या भावात मिळविला जातो, म्हणून निर्यातदाराला बहुधा आजच्यापेक्षा थोडा जास्तच भाव मिळतो. आयातदाराला तोच प्रीमियम खिशातून भरावा लागतो. नंतर डॉलर चढला तर चढीचा फायदा आपला नाही, ही या सौद्याची किंमत. आमच्या मते ती रास्त आहे. टॉवेल विणणाऱ्याने टॉवेलावर कमवावे.

दुसरा प्रकार ऑप्शनचा. येथे आधी ठराविक रक्कम भरून डॉलर विकण्याचा हक्क घेतला जातो, बंधन नाही. भाव पडला तर हक्क वापरावा, चढला तर सोडून द्यावा. हा खरा विम्यासारखा, पण हप्ता चांगलाच जड. आणि या जड हप्त्यातूनच पुढचे सारे रामायण घडले.

२००७ साली रुपया वधारू लागला, निर्यातदार घाबरले आणि बँकांचे अधिकारी दारात येऊन सांगू लागले की एक पैसा न भरता विमा मिळेल. एक पैसाही न घेता बँक विमा का देते, हा प्रश्न त्या वेळी फारच थोड्यांनी विचारला. उत्तर कागदाच्या पुढच्या पानावर होते. समजण्यासाठी आकडे आमचे घेऊ. डॉलर ४० च्या खाली गेला तरी तुमचे एक लाख डॉलर बँक ४१ ने घेईल, हा झाला विमा. पण डॉलर ४३ च्या वर गेला तर तुम्ही बँकेला ४१ नेच दोन लाख डॉलर द्यायचे! म्हणजे निर्यातदाराने एक हक्क विकत घेतला आणि त्याच्या बदल्यात दुप्पट रकमेचा हक्क बँकेला विकला. विमा घेणारा स्वतःच विमा कंपनी झाला आणि त्याला ते कळलेच नाही. २००८ च्या अखेरीस डॉलर ५० रुपयांवर पोहोचला. वरील हिशेबात त्याच्याकडे निर्यातीचे डॉलर एक लाख. दुसरे एक लाख बाजारातून ५० ने घेऊन ४१ ने द्यायचे, म्हणजे नऊ लाखांचा रोख खड्डा. असा खड्डा एकदाच नव्हे, करार जितक्या महिन्यांचा तितके महिने.

कित्येक करारांत तर रुपयाचा संबंधही नव्हता. बनियन विणणाऱ्या तिरुप्पूरच्या कारखानदाराचे नशीब डॉलर आणि स्विस फ्रँक यांच्या भावावर टांगले गेले. डॉलर एका फ्रँकच्या खाली कधी गेलाच नाही, असे सांगण्यात येई. मार्च २००८ मध्ये तो गेला.

प्रकरणे न्यायालयात गेली. राजश्री शुगर्स विरुद्ध अॅक्सिस बँक या खटल्यात कंपनीचे म्हणणे होते की हा करार म्हणजे पैज आहे, आणि करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैज रद्दबातल ठरते. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये हे म्हणणे मान्य केले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. रिझर्व्ह बँक कायद्यात २००६ साली अशा सौद्यांना स्पष्ट मान्यता दिली गेली होतीच. पण व्यापाराच्या दृष्टीने आम्हाला वेगळे वाटते. ज्या सौद्याच्या मागे माल आहे, बिल आहे, येणे आहे तो बचाव. माल एक लाखाचा आणि सौदा दोन लाखांचा असेल, तर वरच्या एक लाखाला दुसरे कोणते नाव द्यायचे?

बँकांचे काय झाले? गिऱ्हाइकाला झेपेल, समजेल असाच सौदा द्यावा असा दंडक रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००७ मध्येच घातला होता. तो आणि इतर नियम मोडल्याबद्दल एप्रिल २०११ मध्ये १९ बँकांना दंड झाला. दंड किती? प्रत्येकी पाच ते पंधरा लाख रुपये. कारखानदाराचे घर गहाण पडावे आणि बँकेला पंधरा लाख, याला शिक्षा म्हणणे आम्हाला जड जाते.

अर्थात दोष एकट्या बँकांच्या माथी मारून चालणार नाही. आधी झालेला फायदा पाहून मोठमोठ्या करारांवर सह्या करणारे कारखानदारही होतेच. मोठ्या कंपन्याही सुटल्या नाहीत. नवी मुंबईच्या हेक्सावेअरमध्ये एका कर्मचाऱ्याने परवानगीवाचून केलेले ऑप्शनचे सौदे २००७ च्या अखेरीस उघडकीस आले आणि कंपनीला दोन ते अडीच कोटी डॉलरच्या नुकसानीचा अंदाज जाहीर करावा लागला. सौदा करणारा आणि त्याचा हिशेब तपासणारा ही माणसे वेगळी हवीत, हे किराणा दुकानातही पाळले जाते.

आता मार्ग अधिक आहेत. ऑगस्ट २००८ पासून राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलरचे वायदे एक हजार डॉलरच्या लहान गठ्ठ्यानेही होतात. ऑगस्ट २०१९ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एफएक्स-रिटेल या व्यवस्थेवर लहान ग्राहकालाही बाजारभावाने डॉलर विकता येतात. बँकेने आपला आकार वेगळा दाखवायचा असतो. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार असो की भिवंडीचा कापडवाला, त्याने हे आपल्या शाखेत विचारावे. बँकेने लेखी भाव दिला की त्याच दिवशीचा बाजारभाव शेजारी लिहावा आणि दोहोंतील पैशांचा फरक डॉलरच्या आकड्याने गुणून पाहावा. करार इंग्रजीत असेल तर बँकेने एका पानावर मराठीत दोनच गोष्टी लिहून द्याव्यात, अशी आमची मागणी आहे: डॉलर दहा रुपयांनी चढला तर मला काय द्यावे लागेल, आणि दहा रुपयांनी पडला तर काय. जो अधिकारी हे पान लिहून देण्यास तयार नाही, त्याच्या कागदावर सही करू नये.