खारूताईपासून परसबाग कशी राखावी?

पावसाळा ओसरला की परसातल्या वांगी-टोमॅटोला फळ धरते, पेरू पिवळा पडू लागतो, सीताफळाचे डोळे उघडतात आणि त्याच सुमारास घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. पाणी आम्ही घालायचे आणि फळ खारीने खायचे! दोन कुंड्या, चार रंगाचे रिकामे डबे आणि दारापुढची हातभर जागा एवढीच ज्यांची बाग, त्यांना चार टोमॅटो गेले तरी जिवाला लागते. महिनाअखेरीस भाजी विकत आणायची की दारची तोडायची, हे त्या चार टोमॅटोंवरच ठरत असते. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे आम्हांस वाटते.

पण उपाय करण्याआधी चोर कोण ते नीट पाहावे. पुष्कळदा नुकसान एकाचे आणि आळ दुसऱ्यावर, असे होते. खार दिवसाउजेडी येते. सकाळी आणि उन्हे कलल्यावर तिची धावपळ जास्त. कुंडीत वाटीएवढे छोटे खड्डे, कोवळे शेंडे कुरतडलेले, टोमॅटोचा एकच घास घेऊन बाकीचा तसाच सोडलेला, पेरू एका बाजूने पोखरलेला, ही तिची कामे. रात्रीत नुकसान झाले असेल तर खारीला दोष देऊ नका, ते उंदीर किंवा घूस. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग असतो. काल टवटवीत असलेले झाड आज अचानक मान टाकते, उपटून पाहावे तर खाली मुळेच नाहीत! रताळी, बटाटे, भुईमुगाच्या शेंगा यांवर तिचा डोळा असतो. झाडाखाली चघळून थुंकलेला चोथा सापडला तर ते वटवाघूळ. अर्धवट कुरतडलेल्या पेरूंचा आणि मिरच्यांचा सडा पडला असेल तर पोपट. आणि फांद्याच मोडल्या असतील तर ते वानरांचे काम, तिथे खारीचे नाव घेण्याचे कारणच नाही.

खार हे करते तरी का? तिचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवण्यासाठी तिला काही ना काही कुरतडावेच लागते. म्हणून ती प्लास्टिकच्या नळ्यासुद्धा सोडत नाही. कुंडीतली माती भुसभुशीत असते, दाणा पुरून ठेवायला आणि पुरलेला शोधायला तिला ती सोयीची वाटते. आपण काल पेरलेले वाटाण्याचे बी ती आज उकरून काढते ते याचमुळे. उन्हाळ्यात मात्र काकडी-टोमॅटोवर ती तहानेपोटीही येते. त्या दिवसांत बागेपासून जरा लांब, सावलीत, पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि ते रोज धुऊन भरावे. पाणी ठेवावे, दाणे मात्र टाकू नयेत. एका हाताने शेंगदाणे घालायचे आणि दुसऱ्या हाताने हाकलायचे, याला काही अर्थ नाही. दाण्यापाठोपाठ उंदीरही येतात, आणि उंदरांपाठोपाठ साप.

आता ज्याची आम्हांस सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. वैतागून काही घरांत उंदराचे औषध आणले जाते आणि भाकरीच्या तुकड्याला लावून कुंडीत ठेवले जाते. भगिनींनो, हे करू नका. झिंक फॉस्फाईडची काळसर भुकटी पोटात गेली की तिथल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार होतो. तिच्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर त्याहून फसवी. दिसायला दात घासायच्या पेस्टसारखी. ती पोटात गेलेले मूल पहिले एक-दोन दिवस बरे दिसू शकते, आणि आत यकृत निकामी होत असते. तिच्यावरही उतारा नाही. मूल हसते-खेळते आहे म्हणून घरी थांबू नये. मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नयेत. औषधाचे पाकीट किंवा ट्यूब हातात घेऊन तडक सरकारी रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ज्या घरात रांगते पोर आहे किंवा रागाच्या भरात काहीबाही करून घेणारे माणूस आहे, त्या घरात हे औषध नसलेलेच बरे. चार टोमॅटोंसाठी एवढी जोखीम कशाला? शिवाय विष खाऊन मेलेला उंदीर मांजर, कुत्रा, घुबड यांच्याही पोटात जातो, आणि घुबड तर उंदरांचा आपला फुकटचा रखवालदार.

दुसरी तितकीच वाईट गोष्ट म्हणजे कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडणे. गावाकडे रानडुकरांसाठी हा प्रकार चालतो आणि त्यात माणसे दगावतात. रात्री लघवीला उठलेला घरचाच माणूस त्या तारेला लागतो. हा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. चिकट सापळ्यात खार तासन्‌तास तडफडत राहते, तोही नको. पिंजऱ्यात धरून लांब सोडून येण्याचा उपाय पुष्कळांना सभ्य वाटतो, पण त्याचा उपयोग नाही. मोकळ्या झालेल्या जागी दुसरी खार येते, आणि नेलेली मादी असेल तर घरट्यातली पिले उपाशी मरतात.

मग करावे काय? आमच्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जाळी. नायलॉनची नव्हे, ती खार एका दुपारी कुरतडते. अर्ध्या इंचाच्या भोकांची, गंज न चढणारी लोखंडी जाळी घ्यावी. भंगारवाल्याकडे जुन्या खिडकीची किंवा कूलरची जाळी मिळाली तर कमी पैशांत काम होते. रोपांवर ती पेटीसारखी बसवावी आणि कडा वीतभर मातीत गाडाव्यात, म्हणजे खालून उकरून आत शिरता येत नाही. बी पेरल्यावर पहिले पंधरा दिवस तेवढे जपायचे असतील तर भाजी धुण्याची प्लास्टिकची टोपली पालथी घालून वर वीट ठेवली तरी भागते. मोठ्या कुंडीत रोपाभोवतीची माती उघडी ठेवू नये. खडी, कौलांचे तुकडे, करवंट्या पसराव्यात, किंवा बोगनवेलीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकाव्यात. उकरायला जागा नसली की खार पुढच्या कुंडीकडे जाते. पुढची कुंडी शेजारणीची असेल तर तिलाही हा उपाय आधीच सांगून ठेवावा.

झाडावरच्या फळांना पिशव्या बांधाव्यात. पेरू लिंबाएवढा झाला की बांधायला घ्यावा. जुन्या सुती साडीचा किंवा फाटक्या मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा चांगला. कागदाची पिशवी पक्ष्यांना थोपवते, खार ती फाडते. प्लास्टिकची पिशवी नको, आत वाफ धरून फळ सडते. पिशवी फळाला चिकटून नसावी. आत चार बोटे मोकळी जागा राहिली पाहिजे, नाहीतर खार बाहेरूनच दात लावते. झाड एकटे उभे असेल तर जमिनीपासून पाच-सहा फुटांवर बुंध्याला दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, त्यावरून नखे घसरतात. पण एखादी फांदी भिंतीला, छपराला किंवा शेजारच्या झाडाला लागत असेल तर हा पत्रा नुसती शोभा! खार जमिनीवरून थोडीच येणार आहे? आधी ती फांदी छाटावी. बुंधा वाढतो, म्हणून पत्र्याची तार वर्षातून एकदा सैल करावी.

मिरचीच्या पाण्याबद्दल बरेच बोलले जाते. मूठभर तिखट मिरच्या आणि लसणाचा एक गड्डा वाटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवावा, गाळून त्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि संध्याकाळी पानांवर शिंपडावे. आधी दोन-चार पानांवर टाकून पाहावे, पान करपले तर पाणी वाढवावे. याने खार, उंदीर काही दिवस दूर राहतात. पाऊस पडला की पुन्हा शिंपडावे लागते, एरवीही चार-पाच दिवसांनी. पक्ष्यांवर मात्र याचा काडीचाही परिणाम होत नाही. त्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तर पोपट लवंगी मिरची मजेत खातो. पक्ष्यांसाठी चमकणाऱ्या पट्ट्या किंवा जुन्या सीडी टांगतात. आठवडाभर त्यांचा धाक राहतो, मग पक्षी सरावतात. बुजगावण्याचेही तेच, दर दोन दिवसांनी जागा बदलली तरच उपयोग. पोपट धरून पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने बंद आहे, हे घरातल्या मुलांना जरूर सांगावे.

वानरांपुढे यांतले फारसे काही चालत नाही. वानराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे मारणे-धरणे आपले काम नव्हे. टोळी रोज येत असेल तर दहा-वीस घरांच्या सह्या घेऊन वनविभागाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वस्तीत कोणी वानरांना केळी-बिस्किटे घालत असेल तर त्याला समजवावे, सगळी सवय तिथूनच लागते. वानर चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. जखमेत हळद, तंबाखू, चुना काहीही भरू नये. खार चावली तरी जखम तशीच धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

खारीचे घरटे छपराच्या सांदीत सापडले तर लगेच ओढून काढू नये. काथ्या, कापूस, चिंध्या यांच्या त्या गोळ्यात पिले असू शकतात. ती बाहेर हिंडू लागेपर्यंत थांबावे, घरटे रिकामे झाल्याची खात्री करावी आणि मगच ती फट जाळीने व सिमेंटने बुजवावी.

आणि एक फुकटचा उपाय. फळ झाडावर पूर्ण पिकेपर्यंत वाट पाहूच नये. टोमॅटोच्या बुडाशी पिवळसर-गुलाबी छटा दिसली की तोडावा, घरात तो आपसूक लाल होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास सीताफळे भरात असतात. त्यांचे डोळे उघडून मधल्या भेगा पांढुरक्या दिसू लागल्या की सकाळी खार उठण्याआधी ती उतरवावीत आणि तांदळाच्या डब्यात किंवा गवतात दडपून ठेवावीत. दोन-तीन दिवसांत मऊ होतात. तेवढे दिवस डबा मुलांपासून लांब ठेवावा.